ट्यूब निवडताना आधी सर्किट बघा

अॅम्प्लिफायरमध्ये बसणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूब विकणाऱ्यांच्या वर्णनात 'मधाळ', 'मखमली', 'मोकळा आवाज' हे शब्द हमखास भेटतात. तीच ट्यूब २५० व्होल्टला किती करंट घेते, तिच्या आतल्या दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या दोन स्वतंत्र रचना, एकमेकींशी जुळतात का, ग्रिड नावाच्या जाळीतून करंट गळतो का, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मग नाव आणि किंमत बघून खरेदी होते. कधी चांगला माल मिळतो, कधी नुसतं काचेचं शोपीस.

ट्यूब घेण्याचा क्रम माझ्या मते असा असावा: ती सर्किटमध्ये कुठे बसणार, तिथलं काम तिला झेपेल का, आणि ती धडधाकट आहे का. कंपनी, साल आणि आवाजाची चव यांचा नंबर त्यानंतर लागतो. बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे जातात.

आधी ट्यूब काय करते ते थोडक्यात. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत मधोमध कॅथोड असतो. हीटर त्याला तापवतो आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला असलेल्या प्लेटवर शेकडो व्होल्टचं धन व्होल्टेज असतं, ते या इलेक्ट्रॉनना ओढून घेतं. दोघांच्या मध्ये बारीक तारेची ग्रिड गुंडाळलेली असते. ग्रिडवरचं व्होल्टेज थोडं जरी वरखाली झालं तरी प्लेटकडे जाणारा करंट बराच बदलतो. नळाची तोटी दोन बोटांनी फिरवावी आणि सगळी धार कमीजास्त व्हावी, तसं. जॉन फ्लेमिंगच्या १९०४ च्या ट्यूबमध्ये ही ग्रिड नव्हती. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि त्यातूनच पुढे सिग्नल मोठा करता येऊ लागला.

डेटाशीटमध्ये पुष्कळ आकडे असतात. लहान ट्यूबच्या बाबतीत तीन कळले तरी बरंच काम होतं. म्यू म्हणजे ट्यूबची स्वतःची कमाल वर्धनक्षमता. ट्रान्सकंडक्टन्स म्हणजे ग्रिडवर एक व्होल्टचा फरक पडला की प्लेट करंट किती मिलिअँपिअरने बदलतो. तिसरा प्लेट रेझिस्टन्स, म्हणजे ट्यूबचा आतला रोध. दुसऱ्याला तिसऱ्याने गुणलं की पहिला मिळतो. १२एएक्स७ चं बघा: १.६ मिलिअँपिअर प्रतिव्होल्ट गुणिले ६२.५ किलोओहम बरोबर १००. तिचा म्यू शंभरच आहे.

नावात काय दडलंय

युरोपीय नावं शिस्तीत आहेत. ईसीसी८३ मधला ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, एक सी म्हणजे एक ट्रायोड, दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन. ईएल३४ मधला एल पॉवर पेंटोडचा, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पाच इलेक्ट्रोडच्या ट्यूबचा. जीझेड३४ मध्ये जी म्हणजे ५ व्होल्टचा हीटर आणि झेड म्हणजे रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारी ट्यूब. आकडा तिशीतला असेल तर आठ पिनांचा ऑक्टल बेस, ऐंशीतला असेल तर नऊ पिनांचा नोव्हल. ईसीसी८८ ऐवजी ई८८सीसी असं अक्षर-आकडे उलटसुलट लिहिलेलं दिसलं तर ती त्याच ट्यूबची खास दर्जाची, दीर्घायुषी आवृत्ती समजावी.

अमेरिकन नावात सुरुवातीचा आकडा हीटरचं व्होल्टेज ढोबळपणे सांगतो, पुढची अक्षरं फारसं काही सांगत नाहीत. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, १२एटी७ म्हणजे ईसीसी८१, १२एयू७ म्हणजे ईसीसी८२. या तिघींचे पाय एकाच क्रमाने आहेत, हीटर सारखाच आहे, त्यामुळे एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी बसते आणि आवाजही येतो. घोळ होतो तो इथेच.

बसते म्हणजे चालते असं नाही

समजा प्रीअॅम्पमध्ये, म्हणजे अॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यात, १२एएक्स७ आहे, तिच्या प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि गेन, म्हणजे सिग्नल मोठा होण्याचं प्रमाण, जास्त वाटतो म्हणून कोणी सुचवलं, 'तिथे १२एयू७ लाव.' ढोबळ हिशोब करू. ट्यूबचा गेन म्हणजे म्यू गुणिले लोड (इथे प्लेटचा रेझिस्टर), भागिले लोड अधिक प्लेट रेझिस्टन्स. १२एएक्स७ साठी शंभर गुणिले १००, भागिले १६२.५, म्हणजे साधारण ६१ पट. १२एयू७ चा म्यू १७ आणि प्लेट रेझिस्टन्स ७.७ किलोओहम, तिचा गेन येतो जेमतेम १६ पट. फरक जवळजवळ १२ डेसिबलचा. गेन कमी झाला हे खरं, पण सर्किट आखलं होतं वेगळ्याच ट्यूबसाठी. डेटाशीटमधल्या नमुन्याच्या कामकाजात २५० व्होल्टला १२एएक्स७ घेते १.२ मिलिअँपिअर आणि १२एयू७ घेते १०.५. शंभर किलोओहमच्या रेझिस्टरमागे दुसरीला तेवढा करंट मिळणारच नाही. ती कशीबशी चालते आणि डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलची मोडतोड, वाढतं. ऐकणारा त्यालाच 'उबदार' म्हणतो, ते वेगळं. शिवाय त्या टप्प्यातून फीडबॅक घेतलेला असेल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग परत आत वळवलेला असेल, तर गेन घटल्याने फीडबॅकही घटतो आणि सगळं गणित सरकतं. गेन थोडाच कमी करायचा असेल तर ५७५१ बरी पडते. तिचा म्यू सत्तर आहे आणि चालीला ती १२एएक्स७ च्या बरीच जवळ आहे. फक्त हीटर जरा जास्त करंट घेतो: ६.३ व्होल्टला ३०० ऐवजी ३५० मिलिअँपिअर.

हीटरचा हा मुद्दा सर्रास दुर्लक्षित राहतो. १२बीएच७ ही १२एयू७ च्या जागी अगदी नीट बसते, पण हीटरला दुप्पट, म्हणजे ६०० मिलिअँपिअर घेते. रशियन ६एन१पी ही ईसीसी८८ ची पर्यायी ट्यूब म्हणून विकली जाते. तिचा हीटर ६०० चा आणि ईसीसी८८ चा ३६५ चा. एक-दोन ट्यूब बदलल्या तर ट्रान्सफॉर्मर सांभाळून घेईल. चार-सहा बदलल्या तर तो तापेल. त्याचा वास येईपर्यंत वाट बघू नये.

कधी अडचण उलट बाजूने येते. ईसीसी८८ ची प्लेट व्होल्टेजची मर्यादा १३० व्होल्ट आहे, तिच्याच खास आवृत्तीची, म्हणजे ई८८सीसी उर्फ ६९२२ ची, २२०. अॅम्पमध्ये ६९२२ असेल आणि आत १८० व्होल्ट असतील, तर स्वस्त पडते म्हणून ईसीसी८८ लावणं म्हणजे तिला मर्यादेबाहेर चालवणं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही.

रेक्टिफायरमध्ये तर ही अदलाबदल सर्वांत बेफिकिरीने होते. जीझेड३४ च्या जागी ५यू४ लावली की हीटरला १.९ ऐवजी ३ अँपिअर लागतात आणि ट्यूबमध्येच जास्त व्होल्टेज पडतं, म्हणून पुढच्या सगळ्या ट्यूबना कमी मिळतं. जीझेड३४ हळूहळू तापते, ५यू४ लगेच तापते, त्यामुळे बाकीच्या ट्यूब थंड असतानाच कपॅसिटरवर चढं व्होल्टेज येतं. रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कपॅसिटरलाही मर्यादा असते. जीझेड३४ साठी ती ६० मायक्रोफॅरड. कोणी मोठा कपॅसिटर बसवून 'सुधारणा' केलेली असेल, तर रेक्टिफायर वारंवार का जातो याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

बघून काय कळतं

डोळ्यांनी थोडंच कळतं, पण जे कळतं ते पक्कं. काचेवर आतून चकचकीत चंदेरी डाग असतो, तो गेटरचा. तो बेरियमचा थर आहे; आत राहिलेला किंवा पुढे सुटणारा वायू तो शोषून घेतो. डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब संपली. कडा तपकिरी, विरळ झाल्या असतील तर बहुधा वापर बराच झालाय. मात्र डाग मोठा आणि झळझळीत आहे म्हणून ट्यूब नवी, असं म्हणता येत नाही. कारखान्यातच कोणाला कमी, कोणाला जास्त थर दिलेला असतो.

पॉवर ट्यूबमध्ये निळी झाक दिसली की लोक घाबरतात. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली, संगीताबरोबर थरथरणारी निळाई निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत, इलेक्ट्रोडच्या मधल्या पोकळीत जांभळट धुकं भरलेलं दिसलं तर तो वायू आहे, ती ट्यूब काढून टाकावी. आणि प्लेटच लाल होऊ लागली तर विचार करत बसू नये, तडक बंद करावं. बायस, म्हणजे करंट आवरणारं ग्रिडचं ऋण व्होल्टेज, गेलेला असतो आणि स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पणाला लागलेला असतो.

ऑक्टल ट्यूबच्या बेसमधली मधली प्लॅस्टिकची खुंटी शाबूत आहे का तेही बघावं. ती तुटली की ट्यूब कुठल्याही दिशेने सॉकेटमध्ये जाते.

टेस्टरचा आकडा कसा वाचायचा

जुन्या ट्यूबच्या वर्णनात 'दोन्ही बाजू ९५, अगदी नव्यासारखी' असं लिहिलेलं असतं. कशाच्या ९५? टेस्टर कोणता, त्यावर नवी ट्यूब किती दाखवते, खालची मर्यादा किती? हे नसेल तर ९५ ला काडीचा अर्थ नाही.

साधे एमिशन टेस्टर सगळ्या ग्रिड प्लेटला जोडून ट्यूबला डायोडसारखं चालवतात आणि कॅथोडमधून किती करंट निघतो तेवढं बघतात. मेलेली ट्यूब त्यात पकडली जाते. ग्रिडचं नियंत्रण कसं आहे हे त्यांना दिसतच नाही. हिकॉक किंवा अॅव्होसारखे टेस्टर ट्रान्सकंडक्टन्स मोजतात, ते बरंच उपयोगी. त्याहून चांगलं म्हणजे कर्व्ह ट्रेसरवर काढलेले आलेख, किंवा निदान 'अमुक प्लेट व्होल्टेज, अमुक बायस, इतका करंट, इतका ट्रान्सकंडक्टन्स' एवढी एक ओळ. विकणारा ही ओळ देऊ शकत असेल तर त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्यायला माझी हरकत नसते.

या आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या दोन चाचण्या आहेत, आणि त्यांचा उल्लेख फार कमी सापडतो. पहिली गळतीची. हीटर आणि कॅथोड यांच्यात गळती असेल तर स्पीकरमधून गुणगुण येते, आणि माणूस आठवडाभर अर्थिंग तपासत बसतो. कॅथोड फॉलोअरच्या, म्हणजे कॅथोडवरून सिग्नल बाहेर घेणाऱ्या टप्प्याच्या, जागी कॅथोडच शंभर-दीडशे व्होल्टवर असतो, तिथे हे आणखी जपावं लागतं. ईसीसी८३ ला हीटर आणि कॅथोडमधला फरक १८० व्होल्टपर्यंतच चालतो. दुसरी चाचणी वायूची. आत वायू उरला असेल तर धन आयन ग्रिडवर येतात आणि ग्रिडमधून उलटा करंट वाहू लागतो. ग्रिडच्या रेझिस्टरवर त्याचं व्होल्टेज तयार होतं, बायस ढिला पडतो, प्लेट करंट वाढतो, ट्यूब अधिक तापते, आणखी वायू सुटतो. लाल झालेल्या प्लेटमागे पुष्कळदा हीच साखळी असते. ट्रान्सकंडक्टन्स उत्तम आणि तरीही ट्यूब वायूची, असं अगदी शक्य आहे.

आवाजातली खरखर आणि मायक्रोफोनी (धक्का बसला की ट्यूबने आवाज करणं) मात्र टेस्टरपेक्षा तुमचा अॅम्पच चांगली पकडतो. व्हॉल्यूम ऐकता त्या पातळीवर ठेवा, गाणं बंद ठेवा आणि पेन्सिलच्या रबरी टोकाने ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. बारीक 'टिक' ऐकू येणं साहजिक आहे. घंटेसारखा घुमून हळूहळू विरणारा नाद आला तर ती ट्यूब फोनो स्टेजच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या टप्प्याच्या, कामाची नाही. एकाच बाजूने खरखर येत असेल तर अॅम्प बंद करून, ट्यूब गार झाल्यावर डाव्या-उजव्या ट्यूबची अदलाबदल करावी. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष ट्यूबचा; जिथे होती तिथेच राहिली तर रेझिस्टर, सॉकेट नाहीतर झाळणी.

म्हणूनच सर्वांत शांत ट्यूब पहिल्या टप्प्यात लावायची. तिथला कुरकुराट पुढचा प्रत्येक टप्पा मोठा करत नेतो. तीच ट्यूब फेज इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सिग्नलच्या एकमेकींच्या उलट दोन प्रती काढणाऱ्या टप्प्यात, लावली तर कदाचित काहीच ऐकू येणार नाही, तिथे दोन ट्रायोड जुळणाऱ्या असणं जास्त मोलाचं. सहा ट्यूबचा संच आला की मी आधी त्यांची शांततेच्या क्रमाने रांग लावतो आणि मग कुठली कुठे ते ठरवतो. महागडी एकच घ्यायची असेल तर ती पहिल्या सॉकेटसाठी.

पॉवर ट्यूब: जोडी आणि बायस

पुश-पुल अॅम्पमध्ये दोन पॉवर ट्यूब सिग्नल आळीपाळीने ढकलतात-ओढतात; तिथे दोन ट्यूबचा स्थिर करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या गुंडाळ्यांतून विरुद्ध दिशांनी जातो. दोन्ही सारखे असले तर गाभ्यातलं चुंबकत्व एकमेकांना रद्द करतं. एक ३० आणि दुसरा ४५ मिलिअँपिअर असेल तर उरलेला फरक गाभ्याला आधीच भरून टाकतो आणि बास ढेपाळतो. म्हणून मॅच्ड जोडी घ्यायची. पण जोडी कोणत्या व्होल्टेजवर जुळवली ते विचारावं. २५० व्होल्टला जुळलेल्या दोन ट्यूब ४५० व्होल्टला जुळतीलच असं नाही. करंटबरोबर ट्रान्सकंडक्टन्सही जुळवलेला असेल तर उत्तम.

कॅथोडला रेझिस्टर असलेल्या, म्हणजे सेल्फ बायसच्या अॅम्पमध्ये ट्यूब बदलली की सर्किट बरंचसं आपणच सावरून घेतं. फिक्स्ड बायसमध्ये, म्हणजे ग्रिडला ऋण व्होल्टेज वेगळं दिलेलं असतं तिथे, नवी ट्यूब लावली की बायस लावणं आलंच. समजा ईएल३४ आहे आणि प्लेटवर ४०० व्होल्ट आहेत. तिची प्लेट २५ वॅट पेलते. क्लास एबीमध्ये (पुश-पुल अॅम्पची नेहमीची पद्धत) शांत असताना सत्तर टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे १७.५ वॅट. त्याला ४०० ने भागलं की सुमारे ४४ मिलिअँपिअर येतात. कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ४४० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. त्यात स्क्रीनचा, म्हणजे पेंटोडमधल्या दुसऱ्या ग्रिडचा, करंटही धरलेला असल्याने प्लेटचा खरा करंट थोडा कमीच असतो. ही वरची मर्यादा आहे. तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. अॅम्पच्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळावा.

हे मोजमाप चालू अॅम्पवर होतं. आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. बाहेरून टेस्ट पॉइंट दिलेले नसतील आणि उच्च व्होल्टेजची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडेच द्यावं. यात कमीपणा कसला?

जुनं सोनं आणि नवे शिक्के

न वापरलेला जुना साठा म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये खरोखर उत्तम माल आहे. पण काचेवर छापलेलं नाव हा त्याचा पुरावा नाही. त्या काळात कंपन्या सर्रास एकमेकींच्या ट्यूब स्वतःच्या नावाने विकत, आणि आज छपाई पुसून दुसरी छापणं काहीच अवघड नाही. खोटी करता येत नाही ती आतली बांधणी: प्लेटची लांबी आणि घड्या, गेटरच्या कड्याचा आकार, अभ्रकाच्या चकत्या. फिलिप्स समूहाच्या ट्यूबवर काचेतच बारीक कोरलेला कोड असतो. खालच्या ओळीत बी म्हणजे मुलार्डचा ब्लॅकबर्नचा कारखाना, डेल्टा त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधलं हीर्लेन. पुढचा आकडा सालाचा शेवटचा अंक. टेलिफुंकेनच्या पुष्कळ नोव्हल ट्यूबच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला हिरा असतो.

आज मिळणाऱ्या मुलार्ड, टंग-सोल, जेनालेक्स गोल्ड लायन या नव्या ट्यूब रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात बनतात. जुन्या कारखान्यांशी त्यांचं नातं नावापुरतं. त्या वाईट आहेत असं मुळीच नाही, काही फार चांगल्या आहेत. जेजे कंपनी स्लोव्हाकियातल्या चादत्साची, आणि चीनमध्येही उत्पादन चालू आहे. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा पुरवठा काही काळ अडकला आणि इतक्या नावांमागे कारखाने किती थोडे आहेत ते सगळ्यांना कळलं. पॉवर ट्यूबच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: नव्या, मोजून दिलेल्या घ्याव्यात. त्या काही हजार तासांत झिजायच्याच. जुन्या दुर्मीळ मालावर खर्च करायचाच असेल तर तो लहान ट्यूबवर करावा, त्या नीट चालवल्या तर दहा हजार तासांपर्यंत टिकू शकतात.

राहिलं ऐकून ठरवणं. एका वेळी एकच ट्यूब बदलावी, आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी एकच ठेवावी. तीही कानाने नव्हे. एक किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मीटरने जुळवायचं. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज कानाला 'अधिक तपशीलवार' वाटतो, आणि दोन ट्यूबच्या गेनमध्ये तेवढा फरक सहज असतो. नवी ट्यूब पहिले काही तास थोडी सरकते, म्हणून फिक्स्ड बायसवाल्यांनी आठवड्याभराने करंट पुन्हा मोजावा आणि तारीख, सॉकेट आणि आकडा ट्यूबच्या खोक्यावर लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तोच आकडा घसरलेला दिसला की नवी जोडी मागवायला वेळ हाताशी राहतो.